बिनधुराची दारू

श्कोदर शहराच्या वेढ्यात, लढाईत एक पाय गमावून माशान गावी परतला, तेव्हा त्याच्या आणि इकोनियाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चेवो गावाच्या वरच्या खडकाळ मुलखात एका पायाचा माणूस मेंढरांमागे कसा धावणार? पण राजाच्या हुकमानं प्रत्येक पुरुषानं घेतलेली अवजड रिव्हॉल्व्हरं घरोघरी कमरेला होती. पुढे राजा गेला, राज्य गेलं, काडतुसं येणंही थांबलं. रिव्हॉल्व्हरं तेवढी राहिली. लग्न असो की मयत, बार उडाल्याशिवाय चालायचं नाही. माशान काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकला आणि त्यावर दोघांचं पोट चाललं.

इकोनिया चुलीवर शिसं वितळवायची, साच्यात ओतायची, निवलेल्या गोळ्यांना बोकडाची चरबी चोळायची. बंदुकीची दारू मात्र माशान स्वतः भरायचा. काळी, भसाभस धूर ओकणारी. फौजी रायफलींची बिनधुराची दारू त्यानं उंबरठ्याच्या आत येऊ दिली नव्हती. "म्हातारी हत्यारं आहेत ही. त्यांना तिचा जोर सोसायचा नाही," तो म्हणायचा.

त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर माशान तापानं अंथरुणाला खिळला, आणि नेमकं त्याच आठवड्यात विदाकच्या मुलाचं, तोमाशचं लग्न ठरलं होतं. विदाक म्हणजे इकोनियाचा थोरला भाऊ. वडिलांच्या मागं त्यानंच तिला वाढवलं होतं. तो आला तो हातात एक थैली घेऊन.

"काळी दारू कोतोरच्या बाजारात नाही, निक्शिचच्याही नाही. ही घे. रायफलीच्या काडतुसांतून काढलीय."

"नको, दादा. ते नको म्हणतात."

"ते तापात बरळतायत. तुला येतं ना भरायला?"

"येतं, पण..."

"पण काय? सून दारात येईल आणि मी काय टाळ्या वाजवू? सोयरे म्हणतील, विदाकच्या घरात पुरुष उरला नाही." मग तो हसला. "लहानपणी झाडावर चढताना घाबरायचीस, तशीच राहिलीस बघ."

भावाच्या हसण्यापुढे तिचं कधीच काही चाललं नव्हतं. तिनं दारू फार थोडी घातली, चिमूट चिमूट. चरबी संपली होती म्हणून गोळ्यांना देवळातल्या मेणबत्तीचं पिवळं मेण चोळलं. विदाकनं परसात एक बार काढून पाहिला. काही झालं नाही. काडतुसांचा पट्टा भरून तो गाणं म्हणत गेला.

लग्नाच्या दिवशी नवरी स्तोयना दारात आली, तेव्हा तिला ओवाळून आत घ्यायला इकोनिया भाकर हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होती. विदाकनं हात उंच केला. पहिला बार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला रिव्हॉल्व्हर फुटलं. लोखंडाचा तुकडा त्याच्या गळ्यात शिरला. पोरांना वाटलं, आणखी मोठा बार झाला; ती ओरडत नाचत राहिली. दिवस मावळायच्या आत विदाक गेला.

इकोनियानं घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. माशान कोपरावर रेटून उठून बसला. मग म्हणाला, "माझी कुबडी दे."

"कुठं निघालात? उभं राहवत नाही तुम्हाला."

"बहिणीच्या नवऱ्यानं मारलं तर लोक वैर धरतील. वैराला शेवट असतो. बहिणीनं मारलं म्हटल्यावर काय करतील, त्यांनाही माहीत नाही. तू तोंड उघडू नकोस."

विदाकच्या अंगणात, जमलेल्या सगळ्यांपुढे तो म्हणाला, "तापात माझा हात चुकला. एका पुंगळीत दुप्पट दारू पडली." इकोनिया त्याच्या मागं उभी होती. तिनं तोंड उघडलं नाही.

भावाच्या मयताला विलाप करायचा तो बहिणीनं. पण माशानच्या घरचं कुणी थडग्याजवळ यायचं नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. वरच्या दगडी बांधाआड बसून इकोनियानं ऐकलं. कुणी लांबची चुलतबहीण विदाकला शांत, सोशिक म्हणत रडत होती. विदाक आयुष्यात एक दिवस शांत नव्हता. आपल्या भावाच्या जागी भलत्याच कुणाला तरी पुरतायत, असं तिला वाटलं.

विदाकच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि तोमाश आजोबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला.

"माशानला बाहेर बोलाव."

इकोनिया एकटीच बाहेर आली. "तोमाश, ती दारू मी भरली. त्यांनी नाही."

"लाज वाटू दे, आत्या! नवऱ्याला वाचवायला भावाचं रक्त अंगावर घेतेस?"

माशान कुबडीवर दारात आला. "बाजूला हो, इकोनिया. घाल रे गोळी."

तोमाशनं घोडा ओढला. नळी समोर आली तशी इकोनियाला चक्रीतल्या गोळ्यांची टोकं दिसली. पिवळी, मेण लावलेली. तिनं धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"उडवू नकोस! त्यात तीच दारू आहे! बापाच्या पट्ट्यातली घेतलीस ना? माझ्या मेणाची आहेत ती. हातात फुटेल, पोरा!"

"काहीही बोलशील तू," तोमाश म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं घोडा हळूच खाली घेतला, काडतुसं एकेक करून कपारीत टाकली आणि मागं न बघता निघून गेला.

माशानचा ताप छातीत उतरला होता. बर्फ वितळायच्या आधी तो गेला. त्याच्या मयताला बार झाले नाहीत आणि खांदा द्यायला पाद्र्यानं शेजारच्या गावातून माणसं आणली.

वसंतात एकदा तोमाश मेंढरं घेऊन डोंगरावर गेला असताना स्तोयना आली. बापासारख्या सासऱ्याला खाणारी म्हणून गावानं तिलाही नाव ठेवलं होतं.

"आत्याबाई, तुम्ही खरं सांगत होता ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"ते झोपेत ओरडतात. 'मेणाची आहेत, मेणाची' म्हणून. दिवसा विचारलं की गप्प." तिनं इकोनियाचा हात धरला. "चला थडग्याशी, मी येते तुमच्याबरोबर. मला कोण काय आणखी बोलणार?"

दोघी विदाकच्या थडग्याशी गेल्या. इकोनियानं डोक्यावरचं काळं फडकं सोडलं आणि सूर लावला. खालच्या शेतात माणसं काम करत होती. तिनं आवाज कमी केला नाही.

"दादा रे, हट्टी माझ्या दादा, आरडाओरडा करणाऱ्या दादा,
दारू मी भरली रे, बहिणीच्या हातानं भरली,
आणि माझं पाप तो लंगडा घेऊन गेला..."

खाली कुदळी थांबल्या. थडग्याशी रडत बोललेलं खोटं नसतं, असं तिकडे मानतात. माणसांनी टोप्या काढल्या आणि शेवटपर्यंत ऐकलं.

त्यानंतर इकोनियाच्या दारात गावातलं कुणी गेलं नाही, स्तोयनासुद्धा उघडपणे नाही. मात्र थडग्याकडे जाताना तिला पुन्हा कुणी अडवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माशानच्या मातीवर कुणीतरी दगड आणून बसवला. तो तोमाशनं आणला असं लोक म्हणायचे; त्यानं स्वतः कधी हो म्हटलं नाही.