काजाएवढा व्रण

धारूरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान होतं. टाका बाहेरून दिसला की मी अख्खी शिवण उसवायला लावायचो आणि कारागिराला शिव्या घालायचो. हाच माज पुढं लेकीला भोवला.

ती दीड वर्षाची होती. डोकं वाढत चाललं होतं, आत पाणी साठत होतं. बीडच्या डॉक्टरांनी समजावलं, डोक्यातून कातडीखालनं नळी न्यायची आणि पोटात सोडायची, पाणी तिथं जिरतं. पोटावर चार बोटं चीर द्यावी लागेल. परवाच करू.

मी म्हणालो, "पोरीची जात हाय, साहेब. टाके दिसतील. दुसरं काही न्हाई का?"

"पुण्यात आता दुर्बिणीनं करतात, पोटाला बारीक भोकं पाडून. पण नळी तीच, डोक्याचं कामही तेच. फरक फक्त पोटावरच्या व्रणाचा. त्यासाठी थांबू नका."

थांबू नका, हे मी कानाआडच केलं. तेव्हा बाजारात तयार कपडे नुकतेच येऊ लागले होते आणि त्यांची शिवण माझ्याहून सुबक होती. नवं ते चांगलंच, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुण्याचा नंबर तीन आठवड्यांनी होता. रोज सकाळी मी टेपनं तिचं डोकं मोजायचो. ती टेपचं टोक पकडून तोंडात घालायची आणि खुदकन हसायची.

बायको रडकुंडीला यायची. "अवं, कावून थांबायचं? लेकरू लई कण्हतंय. बीडलाच करू."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसायचो. मला तरी काय कळत होतं, कप्पाळ!

दुसऱ्या आठवड्यात माप अर्धा इंच वाढलं. एका सकाळी टेपचं टोक तिच्या नाकापुढं हलवलं, तर तिनं हात उचललाच नाही. पुन्हा हलवलं. हाक मारली तेव्हा मान माझ्याकडं वळली, डोळे भलतीकडंच. तशीच तिला उचलून पुण्याची एसटी धरली, डॉक्टरांचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. कण्हणं थांबलं. नजर तेवढी आली नाही. दाबानं डोळ्यांच्या नसा सुकल्या, आता येणार नाही, म्हणाले.

घरी आल्यावर शेजारच्या बाया बघायला आल्या. मी लेकीचं झबलं वर केलं आणि म्हणालो, "बघा, काजाएवढा व्रण हाय. त्यो बी बुजंल." माझी जीभ झडायला हवी होती.

बायको चुलीपासून उठून आली. "कुणाला दाखवायलाव? पोरगी टेप धरत न्हाई, ते दाखवा की."

मी झबलं खाली ओढलं. आवाज झाला तिकडं लेक तोंड करून हसत होती.