पर्सची चेन आणि जगाची मजुरी

"हे परदेशी काम आहे, इथल्या कुणाला जमेल का?" असं मी ज्या बाईंना विचारलं, त्यांनीच त्या पर्सवरचं मण्यांचं फूल शिवलं होतं. आतली स्वतःची खास गाठ दाखवून त्यांनी ते सिद्ध केलं.

पर्स बायकोची, भाचीनं परदेशातून पाठवलेली. चेन तुटली म्हणून मी चंदनसारहून दोन रिक्षा आणि एक बस करून वसई पूर्वेच्या या गाळ्यात (भाड्याच्या जागेतल्या छोट्या कारखान्यात) पोहोचलो होतो. वाटेत डोंगर दिसतात असं ऐकलं होतं. मला एका कंटेनरची मागची बाजू दिसली, बराच वेळ.

दहा बायका सतरंजीवर बसून पर्सवर फुलं शिवत होत्या. गाठवाल्या रंजनाताईंनी चेन बदलायला घेतली. शेजारच्या सत्तरीच्या फिलूमावशींनी मला सुकेळी (वाळवलेली केळी) दिली. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती.

मालक कपाळाला हात लावून बसले होते. परदेशी गिऱ्हाइकाची अट आली होती : नगावर मजुरी बंद, सोमवारपासून दिवसाचा ठरलेला पगार, जगात सगळीकडे एकच किमान.

"उत्तम!" मी म्हणालो. त्या विषयावर मी एक लेख वाचला होता, जवळजवळ पूर्ण.

"उत्तम काय, साहेब? आम्ही स्वस्त म्हणून तर ते इथं येतात. उद्या मशीनवरच करून घेतील."

"सगळीकडे सारखंच झालं तर जातील कुठं, शेठ?" रंजनाताई मान वर न करता म्हणाल्या. "आज वाढवून मागितलं की तुम्ही दुसऱ्या देशाचं नाव सांगता. ते तरी बंद होईल."

हा मुद्दा बहुधा लेखाच्या उरलेल्या भागात असावा.

"पण तो पगार द्यायचा तर दिवसाला प्रत्येकीच्या वीस पर्स झाल्याच पाहिजेत," मालक म्हणाले. "मावशींच्या बारा होतात. त्यांना कसं ठेवू?"

"आता बारा केल्या तर बाराचे पैशे मिलतात," मावशी म्हणाल्या. "तुमचा जगाचा कायदा आला का मी घरी."

मी सुकेळी चावत राहिलो. ती चिवट असतात, अशा वेळी सोय होते.

पाच वाजता सोमवारची यादी करायला मालकांनी ढीग मोजले. मावशींच्या वीस भरल्या. त्यातल्या आठ रंजनाताईंच्या गुडघ्याखालून तिकडे सरकताना मी पाहिल्या होत्या.

"रंजना, तुझ्या रोज अठ्ठावीस होतात. आज वीसच?"

"आज साहेबांची चेन होती ना."

मालक माझ्याकडे वळले. "एका चेनला एवढा वेळ?"

"फार अवघड होती," मी म्हणालो. "परदेशी काम."

त्यांनी एकदा मावशींच्या ढिगाकडे पाहिलं. मग सोमवारच्या यादीत त्यांनी दोघींची नावं लिहिली.

परतीच्या बसमध्ये विचार केला. किमान पगार ठरवला तर फिलूमावशी रोज कुणाच्या तरी गुडघ्याच्या भरवशावर; नाही ठरवला तर रंजनाताईंनी दुसऱ्या देशाचं नाव ऐकत बसायचं. दोन्ही बाजू पटल्या आणि माझा थांबा गेला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. रंजनाताईंनी "आपलीच पर्स आहे" म्हणून चेनचे पैसे घेतले नाहीत, हेही कौतुकानं सांगितलं.

तिनं चेन दोनदा ओढून पाहिली. "म्हणजे दुपारभर जगाच्या मजुरीवर बोललात आणि आपलं काम फुकटात करून घेतलंत. उद्या जाऊन देऊन या. आणि जाण्याआधी तो लेख पूर्ण वाचा."