हेनिंगचा दगड

मेरेतेला बेट सोडून मायदेशी जायचं होतं. त्यासाठी तिला एक स्वप्न पडायला हवं होतं, आणि नवरा वारून चार वर्षं झाली तरी ते पडत नव्हतं.

आमच्या कॅरियाकू बेटावर माणूस पुरला की लगेच त्याच्यावर दगड बसत नाही. मेलेला कुणाच्या तरी स्वप्नात येतो, भूक लागली म्हणतो. मग गावाला जेवण घालायचं आणि दगड बसवायचा. तोवर घरच्या माणसाने त्याला सोडून समुद्र ओलांडायचा नाही.

हेनिंग आणि मेरेते दोघं डेन्मार्कची. तो वर्षभरात आमच्यातला झाला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, रमच्या दुकानात पत्ते कुटायचा. ती वीस वर्षांनंतरही हेनिंगची बायकोच राहिली. तिने दुकानातून काय नेलं, दिवा कधी मालवला, हे सगळ्यांना ठाऊक असे. कशी आहेस, असं मात्र कुणी थांबून विचारत नसे. हिवाळ्यात शिडाच्या होड्यांतून तिच्याकडची माणसं येत, तिच्या ओसरीवर हसत आणि वारा फिरला की निघून जात. पुढे पुढे ती त्यांची नावंही विचारीनाशी झाली. हेनिंग असताना तिची बहीण वारली, तेव्हा बोट, मग विमान, मग दुसरं विमान करत ती पोचली, तोवर थडग्यावरची फुलं वाळली होती.

आता तिची नजर अधू होत चालली होती. डोळ्यांचा डॉक्टर मोठ्या बेटावर, तोही कधी असे, कधी नसे. डेन्मार्कहून भाची बोलावत होती. स्वप्नाच्या गोष्टीला ती आधी हसायची. नंतर दुपारीही झोपू लागली.

एका सकाळी शेजारची यूलाली कुंपणाशी आली. सगळं गाव तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणतं. मी तिथेच मेरेतेच्या पाण्याच्या टाकीची गळती बुजवत होतो. गावातलं गवंडीकाम माझं आणि थडग्यांचे दगडही माझेच. टँटीने सांगितलं की हेनिंग आला होता, तिच्या चुलीपाशी बसला आणि मक्याची उकड नि मासळीचं कालवण मागितलं.

मेरेतेने ओले हात झग्याला पुसले. "तुला खरंच दिसला?"

"तुझ्यासाठी खोटं स्वप्न बघायला तू माझी कोण लागतेस, बाई?"

"कुठल्या भाषेत बोलला?"

"आपल्या. दुसरी कुठली बोलणार?"

"माझ्याबद्दल काही?"

"उपाशी माणूस जेवणाचंच बोलतो गं."

मेरेतेने त्याला जन्मभर बटाटे उकडून घातले होते. ते बोटीने येत. बोट चुकली की ती धक्क्यावर उभी राही, आणि परसात रताळी असताना ही बाई बटाट्यांसाठी झुरते म्हणून आम्ही हसायचो.

मी सिमेंटचा दगड ओतला. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी तो घरात आणून हेनिंगच्या पलंगावर निजवला, वर पांढरी चादर घातली, रम शिंपडली. गाव जेवलं. संध्याकाळी मेलेल्याचं ताट टेबलावर मांडलं, उकड, मासळी, रमचा पेला. सगळे बाजूला झाल्यावर मेरेतेने त्यात एक उकडलेला बटाटा ठेवला. टँटीने ते पाहिलं.

उजाडता आम्ही चौघं दगड न्यायला गेलो. चादर दगडाच्या गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि शेजारच्या उशीत खळगा होता. पहाटे ते ताट गावातली पोरं संपवतात, तसं संपवलं होतं. बटाटा तेवढा राहिला होता.

"पोरांना त्याची चव ठाऊक नाही, बाई," टँटी म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस."

मेरेतेने तो उभ्या उभ्या खाल्ला, मीठही न लावता. दगड बसवून परतताना तिने मला विचारलं, शुक्रवारी तिची ट्रंक बोटीपर्यंत पोचवीन का. मी हो म्हणालो.

शुक्रवारी धक्क्यावर टँटी आली. तिने मेरेतेची टोपी सारखी केली.

"मेलीस की माझ्याकडे ये, मेरेते. बटाटे तर बटाटे, घालीन उकडून."

"एवढं पाणी ओलांडून?" मेरेतेने विचारलं.

बोटीतून पोती उतरत होती. पहिल्या दोनांत बटाटे होते.