उपवासाला चालणारं पीनट बटर

इतरांच्या घरी पीनट बटर जिमला जाणाऱ्या मुलांमुळे येतं. आमच्याकडे ते महादेवामुळे आलं.

गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. आम्ही भावंडं हॉस्पिटलात वरखाली पळत होतो आणि आई बाकावर डोळे मिटून बसली होती. तिथल्या तिथे तिने अंबरनाथच्या महादेवाशी परस्पर ठरवून टाकलं. हा माणूस चालत घरी येऊ दे, वर्षभर सोमवार करीन. बाबा चालत घरी आले. पुढे तर आमच्या शिरगावच्या नाक्यावरच्या भज्यांच्या गाडीपर्यंतही चालत जायला लागले. आई मात्र वाळत गेली.

तिचा सोमवार कडक. साबुदाणा तिला पचत नाही, त्यामुळे केळं आणि चहा यावर दिवस काढायचा. एका सोमवारी ओट्याला धरून ती खालीच बसली. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त कमी आहे, प्रोटीन खा आणि उपवास बंद करा. आईने फक्त पहिली दोन वाक्यं ऐकली. शेवटचे थोडे सोमवार उरलेत, तेवढे करते, मग बघू, म्हणाली.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. डोकं चालवलं. डाळ चालत नाही, अंडं चालत नाही, शेंगदाणे चालतात, पण आईच्या दाढा पडलेल्या. म्हणून उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या ओळखीच्या दुकानातून पीनट बटरच्या बरण्या आणल्या. आईने चष्मा लावून लेबल वाचलं. त्यात शेंगदाण्याशिवाय काही नव्हतं. तिने बोटभर चाटून बघितलं आणि विचारलं, "ह्याला दाण्याचा कूटच म्हनायचा ना?" मी हो म्हणाले. त्या दिवसापासून आई सोमवारी केळ्यावर पीनट बटर लावून खायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी ऑफिसात सगळ्यांना हे सांगत सुटले होते.

आणि मग एका दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली. त्याच कंपनीच्या एका बॅचमध्ये जंतू सापडले होते आणि कंपनीने माल परत मागवला होता. मी लगेच घरी फोन लावला. पोटात दुखतंय का, उलटी, जुलाब, ताप? आईने सगळ्याला नाही म्हटलं. मग विचारलं, "परत मागवलाय म्हंजे? पोटातला पन द्यायचा काय?"

संध्याकाळी घरी येऊन मी बरण्या मागितल्या. बॅच नंबर बघितला की सोक्षमोक्ष लागणार होता. आईने फळीवरून बरण्या काढून दिल्या. एकीत राई होती, एकीत मेथी, एकीत आमसुलं. गरम पाण्यात बुडवून, तारेच्या घासणीने घासून तिने लेबलाचा कण ठेवला नव्हता. बुडाशी छापलेले आकडेही गेले होते. आमच्याकडे बाटलीचं झाकण फेकताना विचार करतात, बरणी कोण टाकणार?

"आई, आता कसं कळणार?"

"बरनी चांगली होती," ती म्हणाली. मग राईची बरणी पुन्हा फळीवर ठेवली. "जंतू म्हंजे जीवच ना गो?"

मी हो म्हणाले. तिथेच घोटाळा झाला.

"म्हंजे सोमवारी मी जीव खाल्ला."

सांगायला हवं की आमचं घर मासे खाणारं. उपासाचे वार सोडले तर सुकट, बोंबील, चिंबोरी, काही वर्ज्य नाही. पण सोमवारी ओट्यावर माशाचा वास चालत नाही. त्या सोमवारी, तेही व्रतात, आपण जिवंत प्राणी गिळले, असा आईचा हिशोब झाला. मी समजावलं की दह्यातही जंतू असतात आणि दही उपवासाला चालतं.

"दह्यातले घरचे असतात," आई म्हणाली. "ते मी लावते."

 घरचे जंतू आणि बाहेरचे जंतू असा भेद मी रसायनशास्त्रात शिकले नव्हते. बाबा सोफ्यावरून म्हणाले, "म्हंजे इतके सोमवार तुझा मटन चालू होता आनि मना सुकट पन नाय?" आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्प चारला गेले. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. "दीदी, डब्बा लाओ, बदल के देता हूँ." मी राईची रिकामी केलेली बरणी पुढे केली. त्याने ती उजेडात फिरवून बघितली. "लेबल किधर है?" घासलं, म्हटलं. त्याने मान हलवली. "मेरी मम्मी भी यही करती है. पूरा बिल्डिंग घिस के बैठा है, दीदी, कोई नंबर नहीं ला रहा." बरणी त्याने परत दिली आणि मीही ती घरी आणली, नाहीतर आईने मला घरात घेतलं नसतं.

थोडक्यात, बरणी वाईट होती की चांगली, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. आई देवळात जाऊन गुरुजींना विचारून आली. गुरुजी म्हणाले, भाव शुद्ध असला की झालं. आईचं समाधान झालं नाही. "त्या गुरुजीला सगलाच चालता," एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं. झालेले सोमवार मोडले, आता पहिल्यापासून वर्षभर करणार, आणि ते पीनट बटरही बंद.

मी ओरडले. डॉक्टर काय म्हणाले, तू ओट्याशी कशी पडली होतीस, सगळं काढलं. मला तिच्यासाठी खरंच भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला दुसरं काही येत नाही, मी ओरडते. आईने शांतपणे भात कालवला.

"आनि ह्यांना काय झाला तर?" तिने विचारलं.

 बाबा काटे काढत होते. ताटाच्या कडेला नीट रचून झाल्यावर म्हणाले, "मी धरतो."

"काय धरता?"

"सोमवार. तुझे उरलेले आनि लागले तर पुढचे पन."

आईला हसू आवरेना. "तुमच्यानं कवा शिवरात तरी झाली काय, अवो?"

"तू माझ्यासाठी धरलास, मी तुझ्यासाठी धरतो. म्हादेवाला काय, उपास घरात आला म्हंजे झाला."

डॉक्टरांना विचारलं, तर ते फारच खूश झाले. आईला बिलकूल नको, बाबांना झेपेल, उलट वजन उतरेल, म्हणाले. फक्त तळलेलं नको. आई लगेच कबूल झाली नाही. "बघू, ह्यांचा पयला सोमवार पार पडू दे," म्हणाली.

रविवारी बाबांनी स्वतः शेंगदाणे भाजले, चोळून सालं उडवली आणि घरभर केली. दाणे मिक्सरला लावले तर नुसतं कूट झालं. मी नाद सोडला होता, पण खुर्चीतून आई म्हणाली, "फिरवत ऱ्हा, तेल सुटंल." मिक्सर तापला की थांबायचं, चमच्याने कडा खरवडायच्या, परत फिरवायचं. बऱ्याच वेळाने एकदम चकाकी आली आणि ते ओतण्यासारखं झालं. बाबांनी चिमूटभर सैंधव घातलं. आईने राईची बरणी पुन्हा रिकामी करून दिली.

सोमवारी बाबा सकाळी अंबरनाथला देवळात जाऊन आले. नाश्त्याला रताळी, मग केळी, मग ताक, दुपारी राजगिऱ्याचे लाडू आणि उकडलेल्या शेंगा. एवढं ते एरवीही खात नाहीत. तरी चारच्या सुमारास चेहरा उतरला. शेजारच्यांकडे बोंबील भाजत होते. बाबांनी उठून खिडकी लावली आणि आत येऊन आईच्या बाजूला बसले.

"ही असलीच भूक लागायची तुला?"

"मना केळा नि चाय होती," आई म्हणाली. "तुमच्यासारखा बाजार नव्हता."

 बाबा उठून स्वयंपाकघरात गेले, आईची तांदळाची भाकरी ताटात घेतली आणि बरणीतलं जाडसर लावून आणलं. वर्षभरात सोमवारी तिच्यापुढे भाकरी आली नव्हती. ती ताटाकडे बघत राहिली, हात लावेना. बाबा ताट धरून उभेच होते.

"खा," ते म्हणाले. "उपास मना हाय. आज तुला सगला चालता."

आईने देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं. मग तुकडा मोडला, सावकाश चावला.

"मीठ कमी परलाय," म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.