अनसाक्कानं दूध एकत्र केलं तो दिवस

अनसाक्का काल गेली.

आणि रेहानाभाभीचं दूध परत पाठवणारा माणूस मी होतो.

राधानगरी रोडवरचं आमचं गाव. मी दूध डेअरीत माप घेतो. दोन वर्षांपूर्वी लांबच्या कुठल्यातरी पोरानं मोबाईलवर भडकाऊ स्टेटस ठेवलं आणि आमच्या गावातल्या चार मुसलमान घरांवर बहिष्कार पडला.

लेखी काही नाही. चेअरमननं मला फोनवर सांगितलं, त्यांचं दूध घ्यायचं नाही. वरनं सांगितलंय.

वर म्हणजे कोण, मी विचारलं नाही.

सकाळी भाभी किटली घेऊन आल्या. मी मान खाली घालून म्हणालो, आजपासून तुमचं दूध नको.

त्यांना वाटलं, दूध नासलं असेल.

झाकण काढून त्यांनी किटली माझ्यापुढं धरली. "बघा की. आत्ताच काढलंय. ताजं हाय."

मी पुढच्या माणसाला हाक मारली.

लाइनीत सगळे ओळखीचे होते. जो तो आपापल्या किटलीकडं बघत होता. भाभी बाहेर गेल्या, गटारीजवळ थांबल्या, आणि किटली उपडी केली.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. बायकोला सांगितलं तर म्हणते, दूध ओतल्याचा कुठं आवाज येतो?

येतो.

दुसऱ्या दिवशी अनसाक्का आली. चेअरमनची सख्खी चुलती. सत्तरीची बाई, विधवा, दारात दोन म्हशी. कधी कुठल्या मोर्चाला गेलेली नाही. रेहानाभाभीचं घर तिच्या भिंतीला भिंत लागून, एवढंच.

भाभीला ती हाताला धरून घेऊन आली होती. सगळ्यांच्या समोर तिनं भाभीचं दूध स्वतःच्या किटलीत ओतलं आणि किटली माझ्यापुढं ठेवली.

"घे."

मी म्हणालो, आक्का, त्यांचं घ्यायचं नाही असं ठरलंय.

"मग ह्यातलं तिचं बाजूला काढ, आणि माझं घे."

मी हातातलं माप नुसतं फिरवत राहिलो.

तेवढ्यात लाइनीतून सुमनताई पुढं आल्या. बुद्धविहाराजवळ राहतात, अंगणवाडीत आहेत. त्यांनी आपलंही दूध त्याच किटलीत ओतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वेळी आमचं माप येगळं ठेवलं हुतं. आता परत ते न्हाय."

बाहेर टेम्पो हॉर्न देत होता. मी चेअरमनला फोन लावला. तो म्हणाला, तिघींनाही हाकल.

मी हाकललं नाही.

पण घेतलंही नाही. फोन हातात धरून नुसता उभा राहिलो. लोक मला चांगला म्हणतात तेव्हा मला हे आठवतं.

तिघी डेअरीच्या पायरीवर बसल्या. काही जण त्यांना ओलांडून दूध घालून गेले. काही जण बाजूला थांबले. तिसऱ्या दिवशी थांबणारे जास्त झाले. टेम्पो अर्धा रिकामा गेला.

चौथ्या दिवशी चेअरमन स्वतः आला. कुणाकडं न बघता मला म्हणाला, घे रे सगळ्यांचं.

तेही लेखी नव्हतं.

आक्काला ते महागात पडलं. भावकीनं बोलणं टाकलं. नातीच्या लग्नात मांडवात भावकीतलं एकही माणूस नव्हतं. सुमनताई आणि भाभी दोन दिवस चुलीपुढं होत्या. आक्का नातीला म्हणाली, माणसं कमी हायत, पण आपली हायत.

माझ्यावर ती एकदाही चिडली नाही. कुणी माझा विषय काढला की म्हणायची, "भ्यालतं वो ते."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माफी मागायची रोज ठरवायचो. ती रोज यायची. दूध घालायची, जायची.

काल स्मशानात चेअरमननं भाषण केलं. आक्का म्हणजे आमच्या गावाची एकी, म्हणाला. लोक माना हलवत होते. मीही हलवली.

मग घरी न जाता आक्काच्या गोठ्यात गेलो. रेहानाभाभी तिची म्हैस पिळत होत्या. मी म्हणालो, भाभी, त्या दिवशी मी चुकलो. घाबरलो होतो.

त्यांचा हात थांबला. माझ्याकडं वळून न बघता म्हणाल्या,

"मला वाटलं हुतं, तुम्ही तरी घ्याल."

आणि परत पिळायला लागल्या.

आक्का, तुला सांगायचं राहून गेलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिलं.

निवांत जा. म्हशींचं आम्ही बघतो.