शॉर्टस्टॉपची चौकट
सहा वर्षांपूर्वीचा ऑगस्टमधला शनिवार, विंडसरमधलं आमचं बेसमेंट. हजर: नवरा, धाकटे दीर आणि यादी लिहिणारी मी. दर दशकाचे सर्वोत्तम बेसबॉल खेळाडू जागेनुसार निवडायचे आणि दोघा भावांचं एकमत झालं तरच नाव पेनने लिहायचं, हा नियम. नव्वदच्या दशकाच्या शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकावर, वाद लांबला, तेव्हा कंटाळून मी नवऱ्याने सुचवलेलं नाव त्या चौकटीत पेनने लिहून टाकलं. “वहिनी, खोडा ते!” दीर ओरडले. “तुला साधा कॅच घेता येत नाही, तू काय निवडणार?” नवरा दिरांना हसला. दिरांनी कोपऱ्यातली बॅट उचलून त्याच्या मनगटावर हाणली; हाड मोडल्याचा आवाज आला, आणि नवऱ्याने डाव्या हाताने त्यांचं नाक फोडलं. मनगट जुळलं, दीर पुन्हा आले नाहीत. आज ती रक्ताळलेली यादी सापडली. नाव मी खोडलंय. दिरांना फोन करायचा राहिलाय.