शेजारच्या शेडमधली डोकी

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक अमेरिकन बाई राहायच्या. तरुणपणी तिकडे त्यांचं चित्रकार म्हणून नाव झालं होतं. नवऱ्याला इथल्या सोन्याच्या खाणीत नोकरी लागली, तशा कुंचले गुंडाळून आल्या. इथली लाल जमीन आणि रिकामं आभाळ रंगवत राहिल्या, पर्थला प्रदर्शनं भरवली. साठीनंतर नजर गेली, तेव्हा रडत न बसता माती मळायला लागल्या. त्यांच्या शेडमध्ये फळीवर माणसांची डोकी असायची, ओल्या फडक्यांत गुंडाळलेली. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की सगळी एकदम हलायची. मी त्याच खाणीत इंजिनिअर, सुरुंगाचं गणित मला तोंडपाठ. तरी त्या वेळी मी तिथे थांबत नसे.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी पुण्यात बाबा गेले. इथल्या सीमा बंद. तिकडे हॉस्पिटलने त्यांना पिशवीत बांधून परस्पर स्मशानात नेलं, भावालासुद्धा चेहरा दाखवला नाही. मला शेवटच्या व्हिडिओ कॉलवर दिसलं ते अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. "बाबा, फोन खाली घ्या ना," म्हणून वर मी खेकसले होते. अंत्यदर्शन झालं नाही की माणूस गेलंय हे पटतच नाही. दोन महिने मी रोज संध्याकाळी त्यांना फोन लावायला घ्यायचे.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू कोणावर गेलीस?"

"बाबांवर. आई म्हणायची, नुसती मिशी लावायची राहिलीय."

"मग मास्क काढ."

वर्षभरात परक्या माणसाचा हात लागला नव्हता मला. त्यांची गार, ओलसर बोटं कपाळावरून नाकावर, गालांच्या हाडांवर फिरली. मी अंग चोरून बसले. "वय किती होतं त्यांचं?" असं विचारून त्यांनी माझे गाल हलकेच खाली ओढले.

आठवड्याने त्यांनी फडकं काढलं. बाबाच होते. गाल बसलेले, ओठ किंचित उघडे, डोळे मिटलेले.

"डोळे का मिटलेत?"

"मी हात लावला तेव्हा तू मिटले होतेस."

मग मात्र मी ओक्साबोक्शी रडले. रडून झाल्यावर नमस्काराला वाकले आणि तशीच थांबले. टेबलावर मानेखाली काहीच नव्हतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात शेवटचा नमस्कार पायांवर डोकं ठेवून करतात."

त्यांनी चाचपडत मातीचा नवा गोळा पुढे ओढला.

"बूट काढ," म्हणाल्या.